श्रोत्याचा वाटा

अध्यात्माची पुस्तके वाचणाऱ्यांना एकमेकांच्या वाचनाविषयी कुतूहल असते. कोण काय वाचतो, पहाटे वाचतो की रात्री, पारायण करतो की हाती लागेल ते पान उघडतो, अशा गोष्टी आम्ही एकमेकांना आवर्जून विचारतो. माझ्यापुरते सांगायचे तर मी हे ग्रंथ मोठ्याने वाचते, एका वेळी थोडेच वाचते आणि शक्यतो कोणाला तरी वाचून दाखवते. कादंबऱ्या, चरित्रे, इतिहास हे सगळे मी मनातल्या मनातच वाचते आणि त्यात मला काही उणे वाटत नाही. ज्ञानेश्वरी किंवा लीळाचरित्र मात्र एकटीने, ओठ मिटून वाचताना त्यातले अर्धे हाती लागत नाही, असा माझा अनेक वर्षांचा अनुभव आहे. त्याचे कारण या ग्रंथांच्या जन्मातच आहे. आपल्याकडचे बहुतेक मोठे अध्यात्मग्रंथ आधी बोलले गेले आहेत, समोर बसलेल्या माणसांसाठी बोलले गेले आहेत, आणि त्या माणसांपैकी कोणीतरी ते लिहून ठेवले म्हणून आपल्यापर्यंत पोहोचले आहेत. ग्रंथाच्या घडणीत वक्त्याइतकाच श्रोत्याचाही वाटा आहे.

ज्ञानेश्वरीपासूनच पाहू. शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० मध्ये, नेवाशाला ही टीका सांगितली गेली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली. ग्रंथाच्या शेवटी ‘सच्चिदानंदबाबा आदरें। लेखकु जाहला’ अशी त्यांची नोंदही आहे. नऊ हजारांवर ओव्यांच्या या ग्रंथात माउली समोरच्या संतसभेला पुन्हा पुन्हा हाक मारतात, त्यांची विनवणी करतात, त्यांच्याशी सलगीने बोलतात. नवव्या अध्यायाची सुरुवातच मुळी ‘तरि अवधान एकलें दीजे । मग सर्वसुखासि पात्र होईजे’ अशी आहे. गीतेचा राजविद्येचा अध्याय उलगडण्याआधी श्रोत्याकडे एकच गोष्ट मागितली आहे, ती म्हणजे लक्ष. हे वाक्य एकटीने पुस्तकात डोके घालून वाचले तर ते प्रस्तावनेसारखे ओलांडले जाते. समोर कोणी बसले असेल तर तेच वाक्य वाचणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला सावरून बसवते.

ओवीची रचनाही कानासाठीच झालेली आहे. पहिले तीन चरण यमकाने जुळतात आणि चौथा आखूड चरण यमक सोडून थांबतो. त्या थांबण्यात श्वास घेता येतो, मान वर करून समोरच्याकडे पाहता येते. डोळ्यांनी वाचताना आपण तो थांबा गिळून पुढच्या ओवीवर जातो, आणि मग शंभर ओव्या झाल्या तरी एकही ओवी मनात ठरत नाही. ‘एक तरी ओवी अनुभवावी’ असे नामदेवांनी सांगून ठेवले आहे. माझ्या मते ती भक्तिभावाची सूचना तर आहेच, पण वाचनाचा वेग किती असावा याचेही ते नेमके माप आहे.

आमच्या घरी हा वेग आत्याने ठरवला. काचबिंदूमुळे तिची नजर कमी होत गेली आणि नित्याचे वाचन थांबले, तेव्हा सकाळचा चहा झाल्यावर तिला वाचून दाखवण्याचे काम माझ्याकडे आले. तेराव्या अध्यायात अहिंसेचे जे दीर्घ विवरण आहे, त्यात अहिंसक माणूस जमिनीवर पाऊल कसे ठेवतो याचे वर्णन येते:

‘कमळावरी भ्रमर । पाय ठेविती हळुवार । कुचुंबैल केसर । इया शंका ॥
तैसे परमाणु पां गुंतले । जाणूनि जीव सानुले । कारुण्यामाजीं पाउलें । लपवूनि चाले ॥’

मी नेहमीच्या गतीने या दोन ओव्या वाचून पुढच्या ओवीकडे निघाले, तेव्हा आत्या म्हणाली, ‘काहून घाई करते वं? त्या भुंग्याले तरी नीट बसू दे.’ मग मी त्या पुन्हा वाचल्या, सावकाश. ‘हळुवार’पाशी आवाज आपोआप खाली आला, आणि ‘लपवूनि चाले’ म्हणताना तर तो जवळजवळ कुजबुजण्यावर गेला. शब्दांनीच आवाजाला तसे वागायला लावले. करुणेत पावले लपवून चालणारा माणूस मला त्या सकाळी प्रथम दिसला. त्याआधी ही पाने मी वाचलेली नव्हती असे नाही. आत्याने पुढे काही विचारले नाही, अर्थ सांग म्हणाली नाही. थोड्या वेळाने ती इतकेच म्हणाली, ‘आता आज बस कर. हेच राहू दे दिवसभर.’

तेव्हापासून किती वाचायचे याचा हिशेब आम्ही सोडून दिला. कधी वीस ओव्या होतात, कधी चार. ज्यांना ज्ञानेश्वरी अवघड वाटते त्यांना मी सार्थ प्रत घ्यायला सांगते, सोनोपंत दांडेकरांची किंवा साखरे परंपरेतली. पण एक विनंतीही करते, की आधी ओवी दोनदा मोठ्याने वाचावी आणि मगच नजर खालच्या अर्थाकडे न्यावी. अर्थ आधी वाचला की ओवी नुसती पुराव्यासारखी उरते.

विदर्भात राहणाऱ्या वाचकाला श्रोत्याचा वाटा समजून घ्यायला फार लांब जावे लागत नाही. अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला, महानुभाव पंथाचे प्रवर्तक श्रीचक्रधरस्वामी यांच्या प्रयाणानंतर, त्यांचे अनुयायी म्हाइंभट यांनी स्वामींच्या आठवणींचे लीळाचरित्र सिद्ध केले. इसवी सन १२७८ च्या सुमाराचा हा काळ, म्हणजे ज्ञानेश्वरीच्याही आधीचा. म्हाइंभटांनी काय केले, तर ज्यांनी ज्यांनी स्वामींना पाहिले-ऐकले होते त्यांच्याकडे ते गेले, त्यांना विचारले, त्यांनी सांगितले ते लिहिले, आणि स्वामींनंतर पंथाची धुरा वाहणाऱ्या नागदेवाचार्यांच्या देखरेखीखाली ते पडताळून घेतले. एकाच प्रसंगाची दोघांनी दोन प्रकारे आठवण सांगितली तर तसा पाठभेद नोंदवून ठेवण्याची महानुभावांची रीत आहे, आणि ती मला या ग्रंथातली सर्वांत मोठी आध्यात्मिक शिस्त वाटते. ज्याच्यावर आपली पूर्ण श्रद्धा आहे त्याचे शब्दही ‘आपल्याला असे आठवते’ इतक्याच अधिकाराने सांगायचे आणि दुसऱ्याच्या आठवणीला शेजारी जागा द्यायची, याला मोठे मन लागते. नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू राहिलेले वि. भि. कोलते यांनी संपादित केलेली प्रत राज्याच्या साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९७८ मध्ये प्रसिद्ध केली. ती हाताळताना त्या जुन्या कष्टांवर झालेले नवे कष्टही दिसतात.

लीळा वाचायला सोप्या आहेत का? भाषा जुनी आहे, पण वाक्ये इतकी लहान आणि बोलकी आहेत की मोठ्याने वाचले की निम्म्याहून अधिक अडचण आपोआप सुटते. ‘मग सर्वज्ञें म्हणितलें’ (सर्वज्ञ म्हणजे स्वामी) हे आले की ऐकणारे कान टवकारतात. त्यातच आमच्याकडच्या वऱ्हाडी बोलीत वाढलेल्या माणसांना काही रूपे आजीच्या तोंडची वाटतात. लीळेत कोणी तत्त्वज्ञान मांडायला बसलेले नसते; कोणी तरी वाटेत भेटते, काही विचारते, स्वामी उत्तर देतात, आणि लीळा संपते. नंतर पंथातल्याच केसोबासांनी याच वचनांतून सूत्रपाठ आणि दृष्टान्तपाठ सिद्ध केले. दृष्टान्तपाठात आधी सूत्र, मग दृष्टान्त, मग दार्ष्टान्तिक, म्हणजे दृष्टान्तातून घ्यायचा बोध, अशी मांडणी आहे. ज्यांना लहान मुलांसोबत वाचायचे आहे त्यांनी येथून आरंभ करावा. जन्मांध माणसे हत्ती चाचपून पाहतात हा दृष्टान्त मुलांना ऐकवला की पुढचा अर्धा तास मुलेच बोलतात.

गुलाबराव महाराजांचे नाव येथे घेतलेच पाहिजे. १८८१ ते १९१५ एवढेच आयुष्य, आणि तान्हेपणीच दृष्टी गेलेली. माधानच्या या प्रज्ञाचक्षू पुरुषाने स्वतः एक अक्षरही डोळ्यांनी वाचले नाही. दुसऱ्यांनी वाचून दाखवले ते ऐकले, आणि शंभराहून अधिक ग्रंथ सांगून लिहवून घेतले. आत्याला त्यांच्याविषयी वाचून दाखवताना मला वाटले की वाचन म्हणजे डोळ्यांचे काम ही आपली समजूत किती अपुरी आहे. आत्याला ते वेगळे सांगावे लागले नाही.

नागपूरहून वर्धेच्या वाटेवर पवनार लागते, धाम नदीच्या काठी विनोबांचा आश्रम आहे. तेथे जाऊन आलेल्या पुष्कळांच्या घरात गीता प्रवचने हे पुस्तक असते, आणि बहुतेकांनी ते पहिल्या दोन अध्यायांनंतर ठेवून दिलेले असते. त्यांना मी आवर्जून सांगते, की ही प्रवचने १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात, फेब्रुवारी ते जून या काळात, दर रविवारी एक याप्रमाणे दिलेली आहेत. समोर सत्याग्रही कैदी बसलेले होते आणि साने गुरुजी ती भरभर लिहून घेत होते. अठरा अध्याय, अठरा रविवार. मग आपणही ती तशीच का वाचू नयेत? रविवारी एक प्रवचन, घरातल्या सगळ्यांनी बसून, एकाने वाचायचे आणि मधला आठवडा ते मुरू द्यायचे. आमच्याकडे हे पुस्तक या पद्धतीने पूर्ण झाले आणि घरातल्या कोणीही मध्येच सोडले नाही, दहावीच्या वर्षात असलेल्या भाच्यानेसुद्धा नाही. विनोबांची गीताई, जी त्यांनी १९३०-३१ मध्ये आईच्या इच्छेचे स्मरण ठेवून लिहिली, ती तर समश्लोकी आहे. संस्कृत श्लोकाच्या चालीवरच म्हणता येते. त्यामुळे प्रवचनाआधी त्या अध्यायातले चारपाच श्लोक गीताईतून म्हणण्याचा प्रघात आपोआप पडला.

या सगळ्यात ग्रामगीतेची जागा वेगळी आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचा हा ४१ अध्यायांचा ग्रंथ १९५५ मध्ये आला. आमच्या भागातल्या कित्येक घरांत तो देवघराशेजारी असतो, पण सुशिक्षित वाचक त्याला अध्यात्माच्या कपाटात ठेवायला अजूनही थोडा कचरतो, कारण त्यात ग्रामआरोग्य, महिलोन्नती, ग्रामशिक्षण अशा नावांचे अध्याय आहेत. मला हे कचरणे मुळीच पटत नाही. गावाचे सांडपाणी आणि मनाचे मळ यांचा विचार एकाच ओवीछंदात करणारा ग्रंथ अध्यात्माचा नाही तर कशाचा म्हणायचा? हा ग्रंथ एकट्याने वाचण्यासाठी लिहिलेलाच नाही. तो चावडीवर, प्रार्थनेनंतर, गावाने ऐकावा असा आहे.

दर बुधवारी संध्याकाळी आम्ही शेजारपाजारची सातआठ मंडळी एकत्र बसतो. आमच्यात काटोलकडच्या गावांतून नोकरी केलेले एक निवृत्त ग्रामसेवक काका आहेत, एरवी अगदी मितभाषी. ग्रामआरोग्याचा अध्याय वाचला त्या संध्याकाळी ते प्रथमच सविस्तर बोलले. उन्हाळ्यात विहिरी तळाला गेल्यावर कोणत्या वस्तीला पाणी सर्वांत शेवटी मिळायचे, हातपंपाभोवतीचा चिखल हटवायला लोक कसे तयार होत नसत आणि एका वर्षी गावातल्या बायांनीच ते काम कसे अंगावर घेतले, हे त्यांनी सांगितले. वाचन अर्ध्या अध्यायावर थांबले ते थांबलेच. ओव्या वाचून झाल्या असत्या तर पाने पुढे गेली असती. काकांचे बोलणे ऐकले म्हणून अध्याय पुढे गेला. तुकडोजी महाराजांना बहुधा हेच हवे असणार.

मोठ्याने वाचण्याचा माझा आग्रह जेथे थांबतो ते पुस्तकही नागपूरशीच जोडलेले आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी येथील दीक्षाभूमीवर धम्मदीक्षा घेतली, आणि ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा त्यांचा ग्रंथ मूळ इंग्रजीत त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर, १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला. हा एका अभ्यासकाने मेजावर बसून, विचारांची एकेक वीट तपासून रचलेला ग्रंथ आहे. आठ खंड, त्यांचे भाग, भागांची प्रकरणे, आणि प्रत्येक प्रकरणात क्रमांक दिलेली लहान लहान विधाने. बाबासाहेब आरंभीच परंपरेला प्रश्न विचारतात. वृद्ध, रोगी आणि मृत माणूस पाहून सिद्धार्थाने घर सोडले ही नेहमीची कथा त्यांना पटत नाही, कारण एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर हे पाहिलेच नसेल हे बुद्धीला पटण्यासारखे नाही; त्याऐवजी ते रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्यात पेटलेल्या तंट्याकडे आपले लक्ष नेतात. असे पुस्तक हातात पेन्सिल घेऊन, शांतपणे, मागे-पुढे पाने चाळत वाचावे. मी ते तसेच वाचले, आणि समासातल्या माझ्या खुणा आजही मला नवे प्रश्न विचारतात. तरीही त्याच्याबरोबर धम्मपद ठेवावे असे मी सुचवीन. त्यातल्या ४२३ गाथा पाठ म्हणण्यासाठीच आहेत, आणि एकाच्या विवेचनाला दुसऱ्याचा नाद लाभला की दोन्ही अधिक खोल उतरतात.

धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या सुमारास दीक्षाभूमीच्या परिसरात पुस्तकांची जी दुकाने लागतात, ती ज्यांनी पाहिली नसतील त्यांनी एकदा अवश्य पाहावीत. दूरदूरच्या खेड्यांतून रात्रभर प्रवास करून आलेली माणसे, ज्यांच्या पिशवीत शिदोरी आणि एक जादा कपडा याखेरीज काही नसते, ती पुस्तके विकत घेऊन परततात. तेथे एका मुलीला मी आपल्या आजीला पुस्तकाचे मलपृष्ठ वाचून दाखवताना पाहिले. आजी पैसे कमरेच्या पिशवीतून काढता काढता म्हणाली, ‘पूर्ण वाचून दाखवशील तरच घेते.’ मुलगी हो म्हणाली.

धंतोलीतल्या रामकृष्ण मठाच्या पुस्तकविक्री केंद्रात मी वर्षातून काही वेळा जाते. मठाने मराठीत आणलेल्या ग्रंथांपैकी श्रीरामकृष्ण वचनामृत मला सर्वांत प्रिय आहे. श्रीरामकृष्णांचे शिष्य महेंद्रनाथ गुप्त यांनी स्वतःचे नाव ‘म’ एवढ्या अक्षरामागे ठेवून ही संभाषणे लिहिली. दिवस, तिथी, जागा, खोलीत कोण कोण बसले आहे, इतके सांगून मग बोलणे सुरू होते. लीळाचरित्र वाचलेल्याला येथे लगेच ओळखीचे वाटते.

पारायणाविषयी मला नेहमी विचारले जाते, कारण थोडे थोडे वाचावे असे मी म्हणते आणि पारायणात तर एका बैठकीत कित्येक अध्याय होतात. पारायणाला मी कमी लेखत नाही. विदर्भातल्या घरोघरी दासगणूंचा गजानन विजय वाचला जातो, एकवीस अध्याय, कोणी एका दिवसात तर कोणी तीन दिवसांत. आत्याला त्यातले अध्यायच्या अध्याय मुखोद्गत आहेत. पारायण हा सहवास आहे; अर्थाचा शोध हे वेगळे काम आहे, आणि दोन्ही कामांना दिवसातली वेगळी वेळ द्यावी लागते. मला खटकते ते निराळेच. सकाळी सकाळी मोबाइलवर तुकोबांच्या किंवा बुद्धांच्या नावाने जी सुटी वाक्ये येतात, त्यांतली पुष्कळशी गाथेत किंवा त्रिपिटकात कोठेही सापडत नाहीत. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली ती याच काळजीपोटी, की लोकांच्या तोंडी आणि हाती मूळ पाठ बदलत चालला होता. ऐकणाऱ्याच्या वाट्याला ही जबाबदारीही येते. म्हणून आमच्या बुधवारच्या मंडळात एक साधा नियम आहे: कोणी वचन सांगितले की पान दाखवायचे.

नागपूरच्या हवेचाही या सगळ्यावर परिणाम होतो. मे महिन्यात दुपारी कूलर लावला की त्याच्या आवाजापुढे ओवी ऐकू जात नाही आणि कूलर बंद केला तर बसवत नाही. म्हणून उन्हाळ्यात वाचन पहाटे गच्चीवर होते, दुपारी प्रत्येकाने आपापले मनात वाचावे. बाबासाहेबांचा ग्रंथ माझ्याकडून याच दुपारांमध्ये वाचून झाला. पाऊस सुरू झाला आणि चातुर्मास लागला की पुन्हा बैठका नियमित होतात.

या चातुर्मासात बुधवारी अमृतानुभव घ्यायचे ठरले आहे. आठशेच्या आसपास ओव्या आणि दहा प्रकरणे, आकाराने लहान; पण ज्ञानेश्वरीला गीतेच्या श्लोकांचा जो आधार आहे तो येथे नाही, ज्ञानदेव येथे स्वतःचेच बोलतात. ग्रामसेवक काकांनी आधीच सांगून टाकले आहे की त्यांना यातले काही कळणार नाही, तरी ते येणार आहेत. आत्याचे म्हणणे असे, की पहिल्या बुधवारी शिवशक्तीच्या प्रकरणातल्या पहिल्या दहा ओव्याच घ्याव्यात आणि त्या तिघांनी वेगवेगळ्या आवाजांत वाचाव्यात. तसेच करायचे ठरले आहे. ज्यांनी हा ग्रंथ कोणाबरोबर बसून वाचला असेल, त्यांनी कोठे अडखळायला झाले आणि कोणती सार्थ प्रत उपयोगी पडली हे कळवले, तर आमची मोठी सोय होईल.